‘गोपनीय’ शिक्क्यामागची व्यवस्था

बेळगावात दहावीची परीक्षा दिलेल्या प्रत्येकाने सरकारी गुपित एकदा तरी जवळून पाहिलेले असते. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे खजिन्यातून बंदोबस्तात केंद्रावर येतात, पाकीट फोडण्यापूर्वी पर्यवेक्षक त्याची शाबूत मोहोर मुलांना दाखवतात, आणि घंटा होईपर्यंत त्या कागदाकडे मान वळवून पाहण्याचीही सोय नसते. तीन तासांनी तोच कागद मुलांच्या हातात चुरगळलेला असतो आणि काही दिवसांनी गणपत गल्लीतल्या एखाद्या गाड्यावर त्यात शेंगदाणे बांधून मिळतात. कागद बदललेला नसतो, त्यावरची अक्षरेही बदललेली नसतात. ती वेळेपूर्वी बाहेर पडल्यास जे नुकसान झाले असते, ते होण्याची शक्यता तेवढी संपलेली असते.

संरक्षण, गुप्तवार्ता किंवा परराष्ट्र खात्यातल्या कागदांचे रक्षण याच विचारावर चालते. फरक एवढाच की तेथे तीन तासांऐवजी पंचवीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ थांबावे लागते, आणि पाकीट आधी फुटले तर फेरपरीक्षा घेता येत नाही. गोपनीयता ही माहितीच्या अंगची गोष्ट नसून ती फुटल्यास होणाऱ्या हानीशी आणि काळाशी बांधलेली असते, हे एकदा नीट लक्षात आले की या विषयातले पुढचे बरेच काही आपोआप उलगडते.

आपल्या भागाला हा विषय परका नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे, लष्कराची कमांडो शाळा येथे आहे, सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि घाट उतरून कारवारला गेले की नौदलाचा कदंब तळ लागतो. खानापूर आणि निपाणीकडच्या कित्येक गावांत सैन्यातला माणूस नाही असे घर शोधावे लागते. सरकारी गुपिते आपल्याकडे दिल्लीच्या बातम्यांत राहत नाहीत. ती कधी कधी सुट्टीवर घरी आलेल्या मुलाच्या मनात आणि त्याच्या आईच्या मोबाईलमध्ये असतात.

कायद्यापासून सुरुवात करू. आजही लागू असलेला शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा, म्हणजे इंग्रजांच्या अमदानीतला आहे. त्याआधी १८८९ चा एक कायदा होता आणि लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ मध्ये, तो अधिक कडक करण्यात आला होता. हा कायदा झाल्याच्या पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२४ मध्ये, टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, हे सांगितले म्हणजे कायदा कोणत्या काळातला आहे ते ध्यानात येईल. त्याच्या कलम ३ मध्ये हेरगिरीची तरतूद आहे. संरक्षणविषयक बाबतीत त्यासाठी चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कलम ५ हेरगिरीपेक्षा सौम्य पण व्याप्तीने मोठे आहे. ज्याच्याकडे पदामुळे माहिती आली त्याने ती अनधिकृत माणसाला दिली, निष्काळजीपणाने हाताबाहेर जाऊ दिली, किंवा एखाद्याने ती अशी मिळालेली आहे हे ठाऊक असूनही स्वीकारली, तर देणारा आणि घेणारा दोघेही दोषी ठरू शकतात; त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. अशा खटल्यात सुनावणीच्या वेळी न्यायालय लोकांना बाहेर थांबवू शकते, पण शिक्षा मात्र उघड न्यायालयातच सुनावावी लागते.

विशेष म्हणजे इतक्या कडक कायद्यात ‘गुपित’ या शब्दाची व्याख्याच नाही. कोणता कागद गुपित ठरतो हे कायदा सांगत नाही. ते ठरते केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सुरक्षाविषयक सूचनांवरून आणि प्रत्यक्ष कागद तयार करणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयावरून. या सूचनांत चार श्रेण्या आहेत. सर्वांत वर ‘टॉप सीक्रेट’, म्हणजे परम गुप्त: जो फुटल्यास देशाच्या सुरक्षेला असाधारण गंभीर धक्का बसेल असा कागद. त्याखाली ‘सीक्रेट’ किंवा गुप्त, मग गोपनीय, आणि शेवटी ‘रिस्ट्रिक्टेड’, म्हणजे केवळ कार्यालयीन कामापुरता. श्रेणी जितकी वरची, तितक्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची मान्यता तिला लागते. मधल्या दोन श्रेण्यांच्या व्याख्येत सुरक्षेबरोबरच शासनाच्या कामकाजात अडचण किंवा नामुष्की येईल असाही एक निकष आहे, आणि माझ्या मते या व्यवस्थेतला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. देशाचे नुकसान आणि सरकारची नामुष्की या दोन गोष्टी एकाच वाक्यात शेजारी बसल्या की शिक्का मारणाऱ्या हाताला दुसरी गोष्ट पहिलीसारखीच वाटू लागते.

येथे भाषेविषयी थोडे सांगावेसे वाटते. आपल्याकडच्या कचेरीत कन्नडमध्ये गोपनीय पाकिटावर ‘गौप्य’ असे लिहितात. मराठीत तोच शब्द आपण ‘गौप्यस्फोट’ या जोडशब्दात, म्हणजे गुपित फुटून गेल्यावरच वापरतो. कागद कन्नडमध्ये असल्यामुळे कळत नाही आणि कागद गोपनीय असल्यामुळे मिळत नाही, या दोन वेगळ्या अडचणी आहेत. सीमाभागात त्यांची गल्लत होते आणि मग साध्या नोंदीसाठीही ‘ते गुप्त असतंय’ असे सांगणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवून परत फिरतो.

आता शिक्का मारलेल्या कागदाचा प्रवास जवळून पाहू. परम गुप्त कागदाच्या प्रती मोजून काढल्या जातात आणि प्रत्येक प्रतीला क्रमांक असतो, त्यामुळे पाच प्रतींपैकी तिसरी कोणाकडे आहे हे नोंदवहीवरून सांगता येते. पानांनाही क्रमांक असतात, जेणेकरून मधले एक पान गेले तर ते लपून राहू नये. असा कागद दुसऱ्या कचेरीत जाताना दोन पाकिटांत जातो. आतल्या पाकिटावर श्रेणी लिहिलेली असते, त्याला मोहोर लावलेली असते आणि ते कोणी उघडायचे ते नमूद असते. बाहेरच्या पाकिटावर फक्त पत्ता असतो, श्रेणीचा शब्दही नसतो. ही साधी युक्ती मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. बाहेरच्या पाकिटावर ‘परम गुप्त’ लिहिले तर ते वाटेतल्या प्रत्येकाला, कोणते पाकीट चोरण्याजोगे आहे, हे सांगण्यासारखेच होईल. आतल्या पाकिटावर मात्र ते लिहावेच लागते, कारण आवक विभागातल्या कारकुनाने बाहेरचे पाकीट नेहमीच्या टपालाबरोबर फोडले तरी पुढे हात लावायचा नाही हे त्याला तेथेच कळते. सोबत पावती असते. स्वीकारणाऱ्याच्या सहीनिशी ती परत आल्याशिवाय पाठवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

काम संपल्यावर कागद नष्ट करायचा असेल तर तो रद्दीत जात नाही. तो यंत्रात बारीक कापला जातो किंवा जाळला जातो, आणि नष्ट केल्याचीही नोंद ठेवली जाते. कच्चा मसुदा, चुकलेली छापील प्रत, टिपणवहीचे पान यांनाही मूळ कागदाइतकेच जपावे लागते, कारण बहुतेक वेळा माहिती पक्क्या धारिकेतून नव्हे तर टेबलाखालच्या टोपलीतून बाहेर जाते.

माणसांच्या बाबतीत नियम आणखी नेमका आहे. पद मोठे आहे म्हणून कोणालाही कोणतीही धारिका उघडता येत नाही. दोन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. त्या माणसाची पडताळणी झालेली असली पाहिजे, आणि त्याच्या हातातल्या कामासाठी ती माहिती त्याला लागत असली पाहिजे. पहिली अट पूर्ण झाली म्हणून दुसरी आपोआप पूर्ण होत नाही. मराठीत ‘षट्कर्णी’ हा शब्द याच अनुभवातून आलेला आहे: दोघांतली गोष्ट चार कानांची, तिसऱ्याला कळली की सहा कानांची, आणि मग ती गुपित म्हणून राहत नाही. मंत्र्यांनाही हे चुकलेले नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार ते पदाची आणि गोपनीयतेची अशा दोन शपथा घेतात, आणि दुसऱ्या शपथेत, कर्तव्य पार पाडण्यासाठी आवश्यक असेल तेवढे सोडून आपल्या विचारार्थ आलेली बाब कोणालाही कळवणार नाही, असे वचन देतात.

संगणक आल्यावर पाकिटाची जागा यंत्राने घेतली, पण विचार तोच राहिला. गुप्त मजकूर ज्या संगणकावर तयार होतो तो इंटरनेटला जोडायचा नाही, त्याला बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही, बैठकीच्या खोलीत मोबाईल न्यायचा नाही, आणि असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅप किंवा खासगी ई-मेलवरून पाठवायचा नाही, अशा सूचना सरकारी कर्मचाऱ्यांना आहेत. जुलै २०२० मध्ये लष्कराने आपल्या जवानांना फेसबुकसह ८९ ॲप मोबाईलवरून काढून टाकायला सांगितले, तेव्हा आपल्या भागातल्या घराघरांत त्याची चर्चा झाली आणि पुष्कळांना ते जाचक वाटले.

ते का करावे लागले हे समजण्यासाठी शत्रूकडे माहिती कशी जमते ते पाहावे लागते. सिनेमात दाखवतात तसा एकच मोठा कागद पळवला जाण्याचे प्रसंग विरळ असतात. बहुधा लहान लहान तुकडे गोळा केले जातात. समजा, एका आईने ‘आमचा बाळू आज रात्रीच्या गाडीने उत्तरेला निघाला’ असे लिहिले, दुसऱ्या गावातल्या भावाने फलाटावरचा फोटो टाकला ज्यात मागे डब्यांची रांग दिसते, आणि तिसऱ्याने ‘सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या’ अशी तक्रार केली. यांपैकी एकही गोष्ट स्वतंत्रपणे गुप्त नाही. पण तिन्ही शेजारी ठेवणाऱ्याला एक तुकडी कधी, कोणत्या दिशेने आणि किती घाईने हलली याचा अंदाज येतो. आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदार काका आपल्या सुनेला सांगायचे, ‘कोण विचारलं तर ड्युटीवर आहे म्हणून सांग, बाळ, कुठं आहे ते तुला ठाऊक नाही.’ ती म्हणायची, ‘मामंजी, खरंच ठाऊक नाही मला,’ आणि काकांना त्यातच समाधान वाटायचे. मुलाने बायकोला न सांगणे हा अविश्वास नव्हता. जे तिला ठाऊकच नाही ते कोणी गोड बोलून तिच्याकडून काढून घेऊ शकत नाही, ही त्यातली काळजी होती.

गोड बोलून काढून घेणे हा शब्दप्रयोग मी मुद्दाम केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारच्या नौदल तळाची माहिती बाहेर दिल्याच्या आरोपावरून राष्ट्रीय तपास संस्थेने उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या दोघांना अटक केली. समाजमाध्यमांवरून ओळख वाढवून त्यांना गळाला लावण्यात आले, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. आरोप सिद्ध होणे ही न्यायालयाची बाब आहे. मात्र अशा प्रकरणांत कुलूप फोडले जात नाही, तर कुलपाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याशी आधी मैत्री केली जाते, हे लष्करी ठाण्यांजवळ राहणाऱ्या तरुणांनी, विशेषतः तेथे कंत्राटी कामाला जाणाऱ्यांनी, ओळखून असावे.

माहितीच्या या तुकड्यांच्या बाबतीत बेळगावची एक मोठी आठवण आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या मोहिमेसाठी सैन्याची मोठी जमवाजमव बेळगाव परिसरात झाली आणि हवाई दलाने पुण्याबरोबर सांबऱ्याचा तळ वापरला. एवढे सैन्य, एवढ्या गाड्या आणि तोफा गावापासून लपवणे कोणालाही शक्य नव्हते, आणि सैन्य कशासाठी आले आहे याचा तर्कही कोणीही करू शकत होता. तरी १७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर कोणती तुकडी कोणत्या वाटेने हद्द ओलांडणार, हे वेगळे गुपित होते. चांगली गोपनीयता अशी नेमकी असते. जे सर्वांना दिसतेच आहे त्यावर पांघरूण घालण्यात ती शक्ती घालवत नाही. वेळ, दिशा आणि क्षमता यांच्याभोवती ती सगळा पहारा बसवते.

कॅम्प भागातून ये-जा करणाऱ्यांना प्रतिबंधित जागेचा नियमही माहीत असावा. लष्कराचे, नौदलाचे आणि हवाई दलाचे ठाणे कायद्याने प्रतिबंधित जागा आहे. अशा जागेजवळून जाणे हाच काही गुन्हा नाही. देशाच्या सुरक्षेला बाधक अशा हेतूने तेथे जाणे किंवा तिचा नकाशा, फोटो, आराखडा करणे हा गुन्हा आहे. परंतु हेतू परिस्थितीवरूनही गृहीत धरता येतो, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे, म्हणून ‘फोटो काढू नये’ असा फलक दिसला की मोबाईल खिशात ठेवणेच शहाणपणाचे. लग्नाच्या चित्रीकरणासाठी ड्रोन उडवणाऱ्यांनी २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नकाशावर लाल दाखवलेले क्षेत्र आधी पाहून घ्यावे. तेथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही.

ही सगळी तटबंदी असूनही गुपिते फुटतात, आणि ती कोठून फुटतात हे पाहणे उद्बोधक आहे. जानेवारी १९८५ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयातले कागद बाहेर जात असल्याचे उघड झाले. ते नेणारे कोणी मोठे अधिकारी नव्हते. मोठ्या अधिकाऱ्यांचे स्वीय सहायक आणि कारकून ते कागद बाहेर देत होते, आणि त्यांच्या झेरॉक्स निघत होत्या. त्या वेळचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. पुढे ते जवळजवळ दहा वर्षे महाराष्ट्राचे राज्यपाल होते. तिजोरी कितीही भक्कम असली तरी रोज सकाळी ती उघडणारा माणूस कोण आहे, त्याची अवस्था काय आहे, त्याच्यावर कर्ज आहे का, याकडे लक्ष देणे हे सुरक्षेचेच काम आहे.

याच्या उलट चूकही तितकीच घातक असते. १९९४ मध्ये इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना अवकाश संशोधनाची गुपिते विकल्याच्या आरोपावरून अटक झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाने १९९६ मध्येच आरोपांत तथ्य नसल्याचे सांगितले, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पन्नास लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २००२ मध्ये दिल्लीतले पत्रकार इफ्तिखार गिलानी याच कायद्याखाली सात महिने तुरुंगात होते. ज्या मजकुरावरून त्यांना धरले तो आधीच प्रसिद्ध झालेला होता, आणि अखेर सरकारला खटला मागे घ्यावा लागला. गुपिताची व्याख्याच नसलेला कायदा आणि सढळ हाताने मारले जाणारे शिक्के एकत्र आले की असे होते. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा कायदा रद्द करून गुपितांपुरत्या नेमक्या तरतुदी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घालाव्यात असे सुचवले होते. ती शिफारस स्वीकारली गेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण शिक्का ज्याच्यावर त्याच्यावर मारला गेला की खऱ्या गुपिताचाही धाक उरत नाही.

तरीही २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाच्या हाती बरेच दिले आहे, आणि ते आपल्याकडे पुरेसे वापरले जात नाही. त्या कायद्याचे कलम २२ असे सांगते की शासकीय गुपिते अधिनियमाशी विरोध आला तर माहिती अधिकाराचा कायदा वरचढ ठरेल. कलम ८ मध्ये देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व आणि परराष्ट्र संबंध यांना बाधा येणारी माहिती नाकारण्याची मुभा आहे. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानुसार माहिती देण्यातले सार्वजनिक हित होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल तर तीही देता येते. गुप्तवार्ता विभाग आणि रॉ यांच्यासारख्या यंत्रणा या कायद्यातून वगळलेल्या आहेत, परंतु भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन या आरोपांबाबतची माहिती त्या सवलतीत बसत नाही.

व्यवहारात सर्वांत उपयोगी कलम म्हणजे १०. समजा, कँटोन्मेंट बोर्डाकडे तुम्ही रस्त्याच्या कंत्राटाची धारिका मागितली आणि तिच्या दोन पानांवर लष्करी इमारतीचा नकाशा आहे. तेवढ्यावरून संपूर्ण धारिका नाकारता येत नाही. तेवढा भाग झाकून बाकीची पाने द्यावी लागतात, आणि काय वगळले व कोणत्या कारणाने, हे लेखी कळवावे लागते. ‘गोपनीय आहे’ हे तोंडी उत्तर म्हणजे उत्तर नव्हे. कोणत्या कलमाखाली नाकारले ते लिहून मागावे, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करावे.

राहिला प्रश्न काळाचा. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार तीस वर्षांहून जुने, अवर्गीकृत झालेले केंद्र सरकारचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात अभ्यासकांना पाहता यावेत अशी व्यवस्था आहे, आणि वर्गीकृत कागदांची श्रेणी वेळोवेळी तपासून उतरवायची असते. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धे आणि मोहिमांचे कागद साधारणपणे पंचवीस वर्षांत खुले करण्याचे धोरण जाहीर केले. प्रत्यक्षात हे काम मागे पडलेले असते. १९६२ च्या युद्धातल्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल सरकारने अद्याप अधिकृतपणे खुला केलेला नाही, जरी त्याचा मोठा भाग २०१४ मध्ये इंटरनेटवर आला. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्याविषयीच्या शंभर धारिका जानेवारी २०१६ मध्ये खुल्या झाल्या, त्या नेताजी बेपत्ता झाल्याला सत्तर वर्षे उलटून गेल्यावर.

आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत जुन्या गुप्त कागदांचा पत्ता थोडा लांबचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, म्हणून स्वातंत्र्य चळवळीच्या काळात येथील सभा, पत्रके आणि कार्यकर्ते यांच्याविषयी पोलिसांनी वर पाठवलेले अहवाल मुंबईच्या गृह खात्याच्या विशेष विभागात जमा होत. ती दप्तरे आज महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागारात, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत. एके काळी ज्या कागदासाठी माणसाला तुरुंगात जावे लागले असते, तो तेथे मागणीपत्र भरल्यावर टेबलावर आणून देतात, आणि कोपऱ्यातल्या ‘सीक्रेट’ या इंग्रजी शिक्क्याखालचा मजकूर वाचणारा आपल्या पणजोबांचे नाव त्यात शोधत बसलेला असतो.